पंख्यामागची जागा

प्रकाश,

परवा दुसऱ्या मजल्यावरच्या गोखलेबाई भेटायला आल्या होत्या. तू गेलास तेव्हा त्या लेकीकडे नाशिकला होत्या, त्यामुळे त्यांचं भेटणं राहून गेलं होतं. सोफ्याच्या कडेला बसल्या, पाण्याचा ग्लास नुसता हातात धरून ठेवला आणि म्हणाल्या, "एक मात्र चांगलं झालं हो. शेवटची वर्षं तरी त्यांची शुद्ध हवेत गेली. नाहीतर इथे आपण रोज काय काय नाकात घेतोय!" असं म्हणून त्यांनी खिडकीकडे हात केला. समोरची सोसायटी पाडून टॉवर उभा राहतोय, त्याची सिमेंटची पूड आपल्या गॅलरीच्या कठड्यावर रोज सकाळी बोटभर साचते.

मी "हो ना" म्हटलं आणि चहा टाकायला उठले. तू असतास तर ही माझी बायको नव्हेच, असं म्हणाला असतास. पूर्वीची मी असते तर त्यांना बसवून पेंढा, बुरशी आणि फुप्फुसं या विषयावर अर्धा तास ऐकवलं असतं. पण हल्ली घरी येऊन माझ्याशी बोलणारं माणूस आठवड्याला एखादंच असतं. त्याला दुरुस्त करत बसणं मला परवडत नाही.

सगळ्यांना वाटतं, हिला एकटं राहायची सवय आहे. खरं आहे. सहा वर्षं तू गावी आणि मी मुलुंडला. एका माणसाचा कुकर कसा लावायचा, सिलेंडरवाल्याला कुठल्या वेळी बोलवायचं, गणपतीत पाहुण्यांना "ते गावी असतात" हे किती चटकन सांगून विषय बदलायचा, हे सगळं मला येतं. पण ते एकटं राहणं वेगळं होतं. त्यात रोज संध्याकाळी आठला तुझा फोन होता. दिवसभरात काही झालं, ऑफिसात कोणी वाकडं बोललं, रिक्षावाला घाटकोपरला यायला नाही म्हणाला, की ते मनात बाजूला ठेवायचं, आठला सांगायला. अजून ठेवलं जातं. ठेवते आणि मग लक्षात येतं की याचं करायचं काय.

तू अंधेरीच्या औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होतास तेव्हा मी तुला चिडवायचे, की मुंबईतली सगळ्यात स्वच्छ हवा तूच खातोस. गाळलेली हवा, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, पायाला पिशव्या. घरी आलास की केसांवर टोपीच्या इलॅस्टिकची रेघ असायची. कंपनी गुजरातला गेली, तुम्हा सगळ्यांना निवृत्ती दिली आणि तू पंधरा दिवस या घरात नुसता फिरत राहिलास. हॉल, किचन, गॅलरी, परत हॉल. मग एका रविवारी म्हणालास, "बाबा गेल्यापासून जमीन पड आहे. मी बघून येतो." बघून आलास आणि पुन्हा गेलास.

मी अडवलं नाही. "तू जा. माझी नोकरी आहे," एवढंच म्हणाले. तू म्हणालास, "रिटायर झालीस की येशील ना?" मी म्हटलं, "बघू." हे संभाषण आपण किती वेळा केलं असेल! शब्दसुद्धा बदलायचे नाहीत.

शेती तुला येत नव्हती. हे तू कबूल करायचास आणि त्यात तुला गंमत वाटायची. मला मात्र ते तिथे येईपर्यंत नीट कळलं नव्हतं. तुमच्या गावात अजून सावड चालते. आज यांचं भात सगळ्यांनी मिळून कापायचं, उद्या त्यांचं. मजुरी द्यायची नाही, घ्यायची नाही, फक्त आपल्या घरातलं एक माणूस प्रत्येकाच्या खळ्यावर पाठवायचं. तुझ्या घरातलं माणूस म्हणजे तूच. आणि तू कापायला बसलास की तुझी ओळ सगळ्यांच्या मागे राहायची. भारा बांधलास तर डोक्यावर घेता घेता सुटायचा. तुझा चुलतभाऊ बाबल चांगला माणूस. तो तुला तोंडावर काही बोलला नसता. त्यानं तुझ्यासाठी एक जागा शोधून काढली. मळणीच्या मशीनला जिथून पंखा भुसा बाहेर फेकतो, तिथे दाताळं घेऊन उभं राहायचं आणि पडलेला पेंढा, भुसा ओढून बाजूला करायचा. त्याला कसब लागत नाही. ज्याला दुसरं काही येत नाही त्याला तिथे ठेवतात. तुला ती जागा मिळाली आणि तू खूश झालास. फोनवर म्हणालास, "मला काम मिळालं गं!" अंधेरीला नोकरी लागली होती तेव्हा याच आवाजात सांगितलं होतंस.

पहिल्या वर्षी तू मास्क नेले होतेस, करोनातले उरलेले, अख्खा खोका. शिस्तीत लावून उभा राहिलास तर बाबल ओरडला, "मुंबयचो डॉक्टर इलो रे! आज ऑपरेशन कोणाचा?" सगळं खळं हसलं. तूही हसलास. मास्क लाजून काढलास असं मी म्हणत होते, तर तू ते कधी मान्य केलं नाहीस. "दहा मिनिटांत घामानं भिजतो, नाकाला चिकटतो, श्वास घेता येत नाही. तू उभी राहून बघ," असं म्हणायचास. तेही खरंच असणार. ऑफिसातल्या एसीत बसून मास्कबद्दल बोलणं सोपं आहे. तो खोका नंतर तिथेच कुठेतरी उंदरांनी खाल्ला.

एका दिवाळीत मी सुट्टी टाकून आले होते ते आठवतं? स्टेशनवरून थेट खळ्यावर आले, बॅग हातात. मशीनचा आवाज इतका की कोणाचं काही ऐकू येईना. ऊन तिरकं पडलेलं आणि त्यात पंख्यातून पिवळट धुराचा लोट निघतोय असं दिसत होतं. लांबून ते सुंदर दिसतं हे मी नाकारत नाही. त्या लोटात एक माणूस उभा होता, डोक्यापासून पायापर्यंत एका रंगाचा. भुवया, पापण्या, ओठ, सगळं पिवळं. मी त्यालाच हातानं खूण करून विचारलं, "प्रकाश कुठाय?"

मशीन बंद झालं. बाबल पोट धरून हसायला लागला. "वयनी, तुमचो घोव तुमच्या म्होरच उभो आसा! घोवाक वळखूक नाय!"

तू दात दाखवलेस तेव्हा ओळखलं. तेवढेच पांढरे होते. मग खोकायला लागलास आणि खोकतच हसत राहिलास. बाबलच्या बायकोनं सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. गूळ खाल्ला की घशातली धूळ खाली उतरते, असं तुम्ही सगळे अगदी खात्रीनं सांगत होतात. मी पण खाल्ला. चांगला होता. नंतर मुलुंडच्या डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांनी एकच वाक्य म्हटलं, "गूळ पोटात जातो हो, धूळ छातीत जाते." मी ते वाक्य तुला इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी तू माझ्याआधीच म्हणायला लागलास.

तर खोकला. तिसऱ्या वर्षापासून मळणीच्या दिवसांत तुला संध्याकाळी कणकण यायची, अंग मोडून यायचं, छाती जड. गावात सगळे म्हणायचे, कामाची सवय नाही, होतं असं. तू आठ दिवसांसाठी मुंबईला यायचास आणि चारपाच दिवसांत बरा व्हायचास. म्हणायचास, "तुझ्या हातचं जेवलो की बरं वाटतं." मी माझ्या साध्या वरणभाताला एवढे गुण कधी चिकटवले नव्हते, पण ऐकायला वाईट वाटत नव्हतं. मग पुन्हा जायचास. पुन्हा कणकण.

फोनवर तू हळूहळू कमी बोलायला लागलास. आधी तुझी वाक्यं लांबलचक असायची, एका श्वासात बैल, शेजारी, पाऊस, पंचायत सगळं. नंतर तू चार शब्द बोलून थांबायचास. मला वाटायचं, गावात राहून माणूस शांत झाला. विचार करून बोलायला लागला. ऑफिसातल्या बायकांना मी हे कौतुकानं सांगितलंसुद्धा. तू काही विचारबिचार करत नव्हतास. श्वास गोळा करत होतास.

मग आपलं डॉक्टरांचं चक्र सुरू झालं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दोन वेळा अँटिबायोटिक दिलं. दुसऱ्यांनी टीबीची तपासणी केली, टीबी काही निघाला नाही. तिसरे छातीचे मोठे डॉक्टर. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घरी कबुतरं आहेत का?" मुंबईत हा प्रश्न विचारावाच लागतो म्हणे. आपल्याकडे होती. एसीच्या मागे जोडपं घरटं करून बसलेलं. मी दुसऱ्याच दिवशी माणूस बोलावून जाळी ठोकून घेतली, घरटं काढलं, फिनेलनं गॅलरी धुतली. पुढे कितीतरी दिवस आपण दोघं त्या कबुतरांवर राग काढत होतो. ती येऊन जाळीवर बसायची आणि तू सोफ्यावरून त्यांना शिव्या घालायचास, मधे मधे थांबून.

कामाचं विचारलं तेव्हा तू "रिटायर्ड, फार्मा कंपनी" असं सांगितलं होतंस. खोटं काहीच नव्हतं. तुला स्वतःला तू शेतकरी वाटतच नव्हतास. जमीन बाबांची, काम बाबलचं, तू फक्त मदतीला. म्हणून पेंढ्याचा विषय त्या खोलीत निघायलाच वेळ गेला. जाळी लावूनही पुढची मळणी झाल्यावर तू घरी आलास तो जिन्याच्या पहिल्याच वळणावर बसलास. मग डॉक्टरांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून विचारलं आणि मी मध्ये पडून सांगितलं, की हा इथे बरा असतो आणि गावाला गेला की पडतो. ते म्हणाले, "गावी काय करता?" तू सांगितलंस. त्यांनी पेन खाली ठेवलं.

ओल्या पेंढ्यात बुरशी धरते. कापलेलं भात परतीच्या पावसात भिजतं, तसंच रचून ठेवतात, आतून तापतं, पांढरं पडतं. मशीनमध्ये घातलं की ती सगळी पांढरी पूड पंख्यातून बाहेर येते. काहींच्या छातीला ती मानवत नाही. पुन्हा पुन्हा गेली की फुप्फुसं सुजतात, मग आतून घट्ट व्हायला लागतात. डॉक्टर म्हणाले, "जेवढं घट्ट झालंय ते सुटणार नाही. पण धूळ पूर्ण बंद केलीत तर पुढचं थांबू शकतं." तू विचारलंस, "पूर्ण म्हणजे?" ते म्हणाले, "पूर्ण म्हणजे पूर्ण."

रिक्षात तू म्हणालास, "मग मी तिथे जाऊन करू काय? मला दुसरं काय येतं?"

"करू नकोस काही. इथे राहा."

"इथे काय करू?"

मी म्हटलं, "श्वास घे." एलबीएस रोडवर नेहमीसारखा ट्रॅफिक होता आणि आपण दोघं शेजारी बसून, त्यातल्या प्रत्येक टेंपोच्या मागे काय लिहिलंय ते वाचत घरी आलो.

गेल्या वर्षी मळणीच्या वेळी तू म्हणालास, नुसता जाऊन येतो. खुर्ची टाकून लांब बसेन. सावडीला घरातलं माणूस दिसलं पाहिजे, काम नाही केलं तरी चालेल. आपलं कडाक्याचं भांडण झालं. तू दोन दिवस बोलला नाहीस, मी भांडी आपटली. शेवटी मी म्हटलं, "बसायचं म्हणजे बसायचं. आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला." तू कबूल केलंस. आठ दिवस रोज फोनवर मी विचारायचे, "बसलायस ना?" आणि तू म्हणायचास, "बसलोय गं, बसलोय." खरंच बसलेला असायचास. फोन करताना.

परत आलास तो पुन्हा गेला नाहीस. मग ते ऑक्सिजनचं मशीन घरात आलं, हॉलच्या कोपऱ्यात, दिवसरात्र घरघरणारं. त्याची नळी किचनच्या दारापर्यंत पुरायची, गॅलरीपर्यंत नाही. तू किचनच्या दारात स्टूल टाकून बसायचास आणि मला सूचना द्यायचास. फोडणी जळतेय. मीठ घातलंस का? तुझं सगळं जग तेवढ्या नळीच्या लांबीचं झालं होतं आणि त्यात मी होते. मला ते दिवस आवडले, प्रकाश. हे कोणाला सांगता येत नाही. तू रोज थोडा थोडा कमी होत होतास आणि मी ऑफिसातून घरी यायला धावत होते, कारण घरात माणूस होतं. इतक्या वर्षांनी घरात माणूस होतं.

मशीन भाड्याचं होतं, ते परत गेलं. आपली मुलगी तेराव्यानंतर बंगळुरूला तिच्या घरी गेली. मी अजून हॉलमधून जाताना नळीवर पाय पडू नये म्हणून पाऊल उचलते. असो.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. रिटायर झाल्यावर मी गावी आले नसते. "बघू" म्हणायचे ते टाळायला. मला तिथलं आवडायचं नाही. संध्याकाळ, किडे, सगळ्यांनी सगळ्यांकडे बघत असणं. मला हे घर आणि खालचा भाजीवाला आणि स्टेशनची गडबड हवी होती. तुला हे माहीत असावं असा माझा अंदाज आहे, कारण तू दर वेळी विचारायचास आणि उत्तर ऐकायच्या आत दुसरं काहीतरी बोलायला लागायचास. मला वाटायचं, अजून चार वर्षं आहेत, तेव्हा भांडू. ते एक मोठं भांडण मी पुढे राखून ठेवलं होतं.

आता मुख्य गोष्ट. बाबल तेराव्याला आला होता. तांदूळ, नारळ, कोकमं घेऊन, रात्रभराचा प्रवास करून. जेवणं झाल्यावर तो माझ्यासमोर बसला आणि रडला. मोठा माणूस रडतो तसा, तोंड फिरवून. म्हणाला, "वयनी, दादासारखो माणूस नाय. गेल्या वर्सा सगळा भात भिजला, कुजूक लागला. हाताक माणूस नाय. दादा नसतो तर आमची चार खळी वाया गेली असती. तीन दिस मशीनीच्या फुडे उभो रवलो तो."

माझ्या हातात सुपारीचं ताट होतं. ते मी खाली ठेवलं. तीन दिवस. भिजलेलं, कुजलेलं भात. मला हे कोणीतरी तुझी तक्रार म्हणून सांगितलं असतं तर मी ओरडले असते. तो तुझी स्तुती करत होता.

आणि लगेच पुढे म्हणाला, "पण ह्या मुंबयच्या हवेन खाल्लो तेका. तो सांगी ना, तीस वर्सा अंधेरीत धूर छातीत गेलो म्हणान."

तीस वर्षं तू टोपी आणि मास्क लावून गाळलेल्या हवेत उभा होतास! मी तुझ्या फोटोकडे बघितलं. तुझा चेहरा त्यात नेहमीसारखा, काहीच न केल्यासारखा. मग कळलं. तुला ती जागा बाबलनं दिली होती, प्रेमानं, तुझी लाज राखायला. ती जागा काय करते हे कळल्यावर तू ते त्याच्यापासून लपवलंस. तो आयुष्यभर ते घेऊन बसला असता, हे तुला माहीत होतं. म्हणून मुंबईच्या नावानं खडे फोडलेस. इथे लोक गावच्या हवेचे गोडवे गातात, तिथे तुझे लोक मुंबईच्या हवेला शिव्या देतात, आणि खरं काय ते फक्त आपल्या दोघांना आणि एका डॉक्टरांना माहीत.

मी त्या दिवशी गप्प बसले. तुझ्यासाठी. माझ्या स्वभावात नाही ते, पण बसले. ठरवलं होतं, तू जपलंस ते आपणही जपू.

शनिवारी सकाळी बाबलचा फोन आला. मी पोळ्या करत होते.

"वयनी, भात तयार झाला. पाऊस आसा अजून, भिजला थोडा. तरी बुधवारी तुमच्या खळ्यात मशीन लावतलंव. तुमी येव नकात, आमी करतंव सगळा."

मी म्हटलं, "भावजी, आमच्या घरातलं माणूस नाही आणि तुम्ही सावड करणार?"

"दादा काय परको होतो?" तो चिडलाच. मग म्हणाला, "आणि माणूस गावला माका दादाच्या जाग्यार. प्रणाली."

प्रणाली म्हणजे त्याची नवी सून. तिच्या माहेरी झालेल्या लग्नाला आपण गेलो होतो, शेवटचा प्रवास तुझा. लहानखुरी, चष्म्याची, नालासोपाऱ्याची.

"तिका कापूक येना नाय, भारो बांधूक येना नाय," बाबल कौतुकानं सांगत होता. "मुंबयचा चेडू ता. म्हटलंय, भुसो तरी ओढ. तर हसान हो म्हणाली. परवापासून उभी रवता. खोकता जराशी, पण सवय नाय ना."

मी गॅस बंद केला. तुझा विचार केला नाही असं नाही. केला. तव्यावरची पोळी काळी पडेपर्यंत केला. मग बोलले.

"भावजी, प्रकाशला मुंबईच्या हवेनं काही झालं नव्हतं. कुजलेल्या पेंढ्याच्या धुळीनं झालं. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. त्या मुलीला तिथून काढा."

बाबलनं हळू आवाजात विचारलं, "दादाक म्हायत होता?"

"हो."

"गेल्या वर्सा उभो रवलो तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

"आणि मीच तेका..." मी म्हटलं, "तुम्हाला माहीत नव्हतं भावजी. कोणालाच नव्हतं." तो म्हणाला, "पण तेका होता ना, वयनी. सांगूक काय झाला होता?" मी तवा उतरवून ओट्यावर ठेवला.

मग त्यानं विचारलं, "मगे थंय उभा कोण रवतला?"

मी मला सुचेल ते सांगितलं. वारा बघून मशीन फिरवा, म्हणजे लोट माणसावर येणार नाही. भिजलेलं भात आधी उन्हात पसरा, सुकल्याशिवाय घालू नका. एकच माणूस दिवसभर नको, पाळी लावा. नाकातोंडाला दुहेरी फडकं, आणि बांधलं म्हणून कोणी हसायचं नाही. खोकला असेल त्यानं तिकडे फिरकायचंच नाही. मी हे सगळं ऑफिसात पुरवठादाराला सांगते तसं एकापाठोपाठ एक सांगितलं. तो फक्त "होय, होय" म्हणत होता. मग "प्रणालीक घरात धाडतंय" म्हणाला आणि फोन ठेवला. "ठेवतंय" न म्हणता त्यानं याआधी कधी फोन ठेवलेला मला आठवत नाही.

तर हे मी केलं. तू स्वतःच्या श्वासावर बेतलं तरी जे झाकून ठेवलंस, ते मी पोळ्या करता करता उघडं केलं. बाबल आता भात कापताना, बांधताना, जेवताना तेच घेऊन फिरत असेल, आणि तुला नेमकं तेच नको होतं. पण ती पोरगी खोकत होती. तू जिवंत असतास तरी मी हेच केलं असतं आणि तुझ्यासमोर केलं असतं. तू माझ्या हातून फोन ओढून घेतला असतास. म्हणाला असतास, तुला माणसं कळत नाहीत, तुला फक्त बरोबर आणि चूक कळतं. मी म्हटलं असतं, तुला माणसं एवढी कळतात तर त्या मुलीचं काय? आणि मग आवाज चढले असते.

मी सगळी उत्तरं तयार करून ठेवली. शनिवारी दुपारी, संध्याकाळी. रविवारीही घरीच होते. कपडे वाळत घातले, डाळ निवडली, कठड्यावरची सिमेंटची पूड ओल्या फडक्यानं पुसली. दिवसभर माझ्यावर कोणी चिडलं नाही.